मऊ पाणी

"वर बघ," वाकचौरे म्हणाले, "आणि मग सांग मला, हे काय आहे ते."

मी वर पाहिलं. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छताला, चहा सांडावा तसा तपकिरी डाग पडला होता. मधोमध एक थेंब लोंबत होता. पलंग भिंतीकडे सरकवला होता आणि त्याच्या जागी घमेलं ठेवलं होतं. माझ्यादेखत थेंब सुटला आणि घमेल्यात टप्पकन वाजला.

"टाकी गळतेय," मी म्हणालो.

"कुणी बसवली?"

"मीच."

"मग झालं तर," वाकचौरे म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण ते कृषी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. माणूस चुकला की त्याच्याशी बोलणं थांबवायचं, ही त्यांची रीत.

मी गच्चीवर गेलो. पाणी तापवायच्या सोलरच्या टाकीखाली गंजाचा लालसर ओघळ सुकला होता. बाहेरचा पत्रा नवाकोरा दिसत होता; गंज आतला होता. हात लावला तर तळाशी ओल लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण असल्याच टाक्या मी त्या वसाहतीतल्या जवळजवळ प्रत्येक गच्चीवर बसवल्या होत्या, आणि त्यांना धड दोन वर्षंही झाली नव्हती.

ही गोष्ट कोपरगावातली. गावाबाहेर साखर कारखान्याच्या रस्त्याला गोदाई वसाहत आहे. कारखान्यातून, शाळांतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या लोकांनी बांधलेली, नीटस, प्रत्येक फाटकाशी जास्वंद असलेली. मी तेव्हा नुकतं दुकान टाकलं होतं. त्याआधी लोकांच्या मोऱ्या आणि नळ दुरुस्त करत फिरायचो. वसाहतीचं काम मिळालं तेव्हा दुकानावर 'फुलारी सोलर' अशी पाटी लागली, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझं नाव घेतलं.

वाकचौरेंच्या पाठोपाठ दुसरी टाकी गळली, मग तिसरी. कुणाच्या नळाला सकाळी गढूळ लाल पाणी येऊ लागलं, कुणाचे पांढरे टॉवेल तांबूस झाले. कंपनीला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या गावच्या पाण्याचा दोष असेल." वसाहतीला हे सांगितलं तर वाकचौरे म्हणाले, "पाणी? आमच्याइतकं चांगलं पाणी तालुक्यात दाखव."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. वसाहतीच्या बोअरचं पाणी पूर्वी इतकं जड होतं की साबणाला फेस येत नसे. बादल्यांना पांढरी पुटं चढत, नळांच्या जाळ्या खडूसारख्या थराने बुजत, बायकांचे केस काथ्यासारखे होत. प्यायला नगरपालिकेचं पाणी वेगळं यायचं, पण बाकी सगळं त्या बोअरवर. मग वसाहतीच्या अध्यक्ष गाडेकरबाईंनी पाणी मऊ करायचं यंत्र आणवलं. इंदुमती गाडेकर. कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. बॉयलरला जाणारं पाणी त्यांच्या सहीशिवाय आत जात नसे, आणि त्यांच्या काळात बॉयलर पाण्यापायी एकदाही बंद पडला नव्हता, असं जुने कामगार अजून सांगत. यंत्र बसलं आणि वसाहतीत सणच झाला. बायका म्हणायच्या, बाईंनी आमचे केस परत दिले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी माझ्या टाक्या बसल्या होत्या.

त्यामुळे पाणी चांगलं, बाई चांगल्या, आणि गळत होत्या त्या माझ्या टाक्या. उघड होतं. जी माणसं मला चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हती, ती मला पाण्यात पाहू लागली. ह्या पोराने हलका माल खपवला, असं दुकानाशेजारच्या हॉटेलात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढच्या रविवारी वसाहतीची सभा ठरली. माझ्यावर फसवणुकीची तक्रार करायची आणि तालुक्याच्या पेपरात माझं नाव छापायचं, असा ठराव वाकचौरेंनी तयार ठेवल्याचं कळलं. अध्यक्ष म्हणून तो मांडणार होत्या गाडेकरबाई.

मंगळवारी बाईंचा फोन आला.

"फुलारी, एक गळकी टाकी मधून उभी कापून माझ्या अंगणात आणून टाका."

"कापून?"

"आतून बघायची आहे. जमेल ना?"

बाई सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. वसाहतीचा वॉचमन सोपान, त्यालाही त्या सोपानराव म्हणत. त्यामुळे त्यांच्या आवाजावरून राग आहे की नाही, काही कळायचं नाही.

माझी बायको शैला म्हणाली, "पुरावा गोळा करतायत त्या. तुम्ही आपल्या हाताने फास नेऊन देताय."

"नाही म्हणू?"

पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

वेल्डरकडून टाकी कापून घेतली आणि टेम्पोत घालून बाईंच्या दारात उतरवली. बाई लिंबाच्या झाडाखाली स्टूल टाकून बसल्याच होत्या. साठीच्या पुढच्या, सडसडीत, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात भिंग. शेंगा निवडायला बसावं तशा त्या टाकीच्या दोन अर्ध्या तुकड्यांजवळ बसल्या आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवू लागल्या.

आत काचेचा निळसर लेप होता. वरून पाहिलं तर बहुतेक जागी शाबूत. पण जिथे जिथे त्याला बारीक टोचणी पडली होती, तिथे खालचं लोखंड फुगून वर आलं होतं, गांधीलमाशी चावल्यासारखं. एका जागी आरपार भोक.

"लेप वाईट नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या कानांनी चुकीचं ऐकलं.

"अशी टोचणी प्रत्येक टाकीत थोडीफार असतेच. म्हणून तर आत मॅग्नेशियमची कांडी घालतात. गंज लोखंडाला धरण्याऐवजी कांडीला खातो. कुठंय कांडी?"

मी मान खाली घालून एक तार पुढे केली. मुळात अंगठ्याएवढ्या जाड कांडीच्या पोटातली ती तार होती. कांडी उरलीच नव्हती.

"ही कधी तपासायची असते?"

"कंपनी सांगते, तिसऱ्या वर्षी."

"हं." त्यांनी तार उजेडात धरली. "वसाहतीबाहेर तुमच्या टाक्या आहेत कुठं? ह्याच मालाच्या?"

"कुंपणापलीकडे गुंजाळांच्या मळ्यात आहे एक. तुमच्याबरोबरच बसवली."

"पाणी कुठलं?"

"त्यांच्या बोअरचं. तुमच्या बोअरच्या हाकेवर आहे तो."

"गळते?"

"नाही. आत चुन्याचा थर बसलाय, पाणी तापायला वेळ लागतो म्हणून गुंजाळ कुरकुरतात. पण गळत नाही."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग भिंग पदराला पुसलं आणि उठल्या.

"चला. तुमच्या गाडीवर बसते मी."

मळ्यात मी टाकीचं पाणी उतरवलं आणि पाना लावून कांडी बाहेर काढली. ती वरून पांढरट, खडबडीत झाली होती, पण चांगली जाड होती. अजून कितीतरी काळ टाकीला पुरली असती. मला इतका आनंद झाला की हातातला पाना खाली पडला.

"बाई, बघा! माझा माल खराब नव्हता! तीच टाकी, तीच कांडी!"

 बाईंनी ती कांडी दोन्ही हातांत धरली होती आणि त्यांचा चेहरा उतरला होता. उन्हात आल्यामुळे चक्कर येतेय की काय, म्हणून गुंजाळांच्या सुनेने पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं, अर्धं प्यायल्या आणि उरलेलं भांड्यात हलवून बघत राहिल्या.

"फुलारी," परतताना मागून त्यांचा आवाज आला, "सोपानरावांकडे जायचंय."

पाणी मऊ करायचं यंत्र सोपानच चालवायचा. दर दोन-तीन दिवसांनी ते मिठाच्या पाण्याने धुवायला लागतं, नाहीतर त्याची ताकद संपते. मग ते मीठ निघून जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळून काढायचं आणि नंतरच पाणी वसाहतीच्या टाकीत सोडायचं.

"सोपानराव, मिठानंतर किती वेळ खळबळता?"

"तुम्ही सांगितलाय तेवढाच, बाई. पातेलं भात शिजायला ठेवतो आणि उकळी आली की बंद करतो."

"आधी जास्त वेळ करत होता ना?"

"मागल्या उन्हाळ्यापर्यंत. मग तुम्ही म्हणालात ना, बोअर आटतोय, पाणी वाया घालवू नका."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच्याकडून बाटल्यांत पाणी भरून घेतलं. एकीत बोअरचं, एकीत यंत्रातून नेहमी येतं ते, आणि एकीत नुकतंच मीठ खळबळून झाल्यावर पहिल्यांदा येतं ते. घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेचे पेले मांडले आणि फडताळातून गडद तपकिरी बाटली काढली. प्रयोगशाळा सोडली तरी बाई हत्यारं विसरल्या नव्हत्या.

"पाण्यात मीठ असेल तर हे थेंब पांढरे होतात," त्या म्हणाल्या. "बघा."

बोअरच्या पाण्यात थेंब पडला आणि धुरकट वलय उठलं. नेहमीच्या मऊ पाण्यात तेवढंच. तिसऱ्या पेल्यात थेंब पडला मात्र, पाणी बघताबघता ताकासारखं झालं. त्यांनी तिसऱ्या पेल्यात पुन्हा ताजं पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकला. पुन्हा ताक.

"म्हणजे काय, बाई?"

त्या पेले विसळू लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रविवारी सभेला या. कापलेली टाकी आणा, आणि दोन्ही कांड्या आणा."

"पण माझं काय होणार? आज सांगा ना. घरी झोप नाही कुणाला."

"तुमच्या मालात खोट नाही, एवढं घरी जाऊन सांगा. बाकीचं आधी वसाहतीला सांगायला हवं मला. पाणी त्यांचं आहे."

शैलाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खोट कशात आहे?" मला कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं. कुठे, ते डोक्यात शिरत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिर भरलं होतं. एरवी सभेला न फिरकणारे लोकही आले होते. मी आणि टेम्पोवाल्याने टाकीचे दोन अर्धे तुकडे पुढे नेऊन ठेवले, तेव्हा बायकांनी आतला गंज बघून तोंडाला पदर लावले. "शी! ह्यातलं पाणी अंगावर घेत होतो आपण?" वाकचौरेंनी घसा खाकरला. त्यांच्या हातात ठरावाचा कागद होता.

"बाईंनी ठराव मांडावा," ते म्हणाले. "सगळ्यांचं मत एकच आहे."

बाई उभ्या राहिल्या. कागद घेतला नाही.

"आधी ह्या दोन कांड्या सगळ्यांनी हातात घेऊन बघा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती तार आणि ती जाड कांडी पहिल्या रांगेत दिली. "दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच मालाच्या टाक्यांत बसवल्या. जाड आहे ती कुंपणापलीकडची. तार झालीय ती आपल्याकडची. टाकी तीच. बसवणारा तोच. मग फरक कशाचा?"

रांगांमधून तार ह्या हातातून त्या हातात जात होती.

"पाण्याचा," बाई म्हणाल्या. "गुंजाळांचं पाणी जड आहे. ते टाकीत चुन्याचा थर धरतं. त्याने त्रास होतो, पण तोच थर लोखंडावर पांघरूणही घालतो. आपण पाणी मऊ केलं आणि ते पांघरूण काढून घेतलं. एवढ्यावर भागलं असतं. कांडी लवकर झिजली असती, आपण नवी घातली असती. पण आपल्या पाण्यात मीठही जातंय. यंत्र धुतल्यावर ते पुरतं निघत नाही. खारं पाणी, त्यात गरम. कांडी संपली आणि त्याने लोखंड खायला सुरुवात केली. ह्यांच्या जागी दुसऱ्या कुणी दुसरी टाकी बसवली असती, तरी हेच झालं असतं. फुलारींची ह्यात चूक नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या टेम्पोवाल्याने माझा गुडघा दाबला. मला काही दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते.

सभेत एकच गलका झाला. मग कुणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे यंत्र नीट धुतलं नाही! सोपान्याला बोलवा!"

"तरी मी म्हणत होतो, वॉचमनच्या हातात यंत्र देऊ नका," वाकचौरे म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. इतक्या दिवसांच्या रागाला जागा मिळाली होती. "बाई, तुम्ही काळजी करू नका. त्याला उद्याच काढून टाकू. तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतला त्यानं."

सोपान दाराशीच उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि बाईंकडे बघून मिटलं. तो बोलणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. ज्या बाई त्याला सोपानराव म्हणत, त्यांच्याविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द फुटला नसता. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती.

"वाकचौरेसाहेब, बसा," बाई म्हणाल्या. "सोपानरावांनी मी सांगितलं तेवढंच केलं. मागल्या उन्हाळ्यात बोअर आटायला लागला तेव्हा खळबळायचा वेळ कमी करा, असं मी सांगितलं. ते म्हणाले होते, बाई, शेवटपर्यंत पाणी खारट लागतंय. मी म्हणाले, प्यायचं थोडंच आहे."

सोपानने दाराशी मान खाली घातली.

"मी जन्मभर बॉयलरचं पाणी बघितलं. मऊ केलेलं पाणी धातूला कसं लागतं, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. कारखान्यात मऊ पाण्याच्या पुढचं सगळं आम्ही रोज करायचो, रोज तपासायचो. इथं घरचंच काम म्हणून मी यंत्र बसवलं, हार घालून घेतला आणि एकदाही बाटली भरून पाणी बघितलं नाही. तुम्ही सगळे केसांचं कौतुक करत होतात. ते मला आवडत होतं. चूक माझी आहे. ठरावात नाव घालायचं असेल तर माझं घाला."

आणि त्या बसल्या. चष्मा काढून पुसला नाही, पाणी मागितलं नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या, दुसरं कुणी काय म्हणतंय ते ऐकायला.

लोक बोलले, आणि गोड बोलले नाहीत. अध्यक्षपदी राहायचं की नाही ते बघा, असं वाकचौरे म्हणाले. बाई म्हणाल्या, नाही राहत. एक बाई म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास टाकला हीच चूक. गाडेकरबाईंनी मान हलवली, जणू एखादा आकडा बरोबर आला. नंतर त्यांनी विचारलं, "पुढं काय करायचं ते सांगू का, की दुसरं कुणी सांगणार आहे?" दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी सांगितलं: खळबळणं पुरतं करायचं, मऊ पाण्यात थोडं बोअरचं मिसळायचं म्हणजे ते टोकाचं मऊ राहणार नाही, ज्या टाक्या अजून धड आहेत त्यांच्या कांड्या आठवड्याच्या आत बदलायच्या, आणि इथून पुढे दरवर्षी बघायच्या. कोपऱ्यात कुणीतरी ते लिहून घेत होतं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. सोपान त्यांची पिशवी घेऊन चालत होता.

"बाई, तुम्ही नुसतं 'फुलारीची चूक नाही' म्हणाल्या असतात, तरी मी सुटलो असतो. पुढचं कशाला सांगितलंत?"

त्या थांबल्या.

"कारण कांड्या तुम्ही बदलल्या असत्यात, फुलारी, पण मीठ तसंच जात राहिलं असतं. पुढच्या वर्षी ह्यांच्या घरात पुन्हा घमेली ठेवायला लागली असती." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "उद्या सकाळी पाना घेऊन या. माझ्याच गच्चीपासून सुरू करू. पुढच्या घरांत कांड्या कशा निघतात, तेही मला बघू द्या."

त्या आठवड्यात गाडेकरबाई माझ्यासोबत एकेका गच्चीवर चढल्या. ज्यांनी सभेत त्यांना बोल लावले होते, त्यांच्याही. काही घरांत त्यांना बसा म्हटलं नाही. त्या जिन्यातच उभ्या राहिल्या, कांडी हातात घेऊन बघितली, नळाचं पाणी बाटलीत घेतलं आणि पुढच्या घरी गेल्या. गळक्या टाक्यांचं कंपनीशी, वसाहतीशी आणि माझ्याशी जे काही मिटवामिटवीचं झालं, ते लांबलं आणि कंटाळवाणं होतं, पण मिटलं. माझं दुकान राहिलं. सोपानची नोकरी राहिली. बाईंचं अध्यक्षपद तेवढं गेलं.

नंतर एकदा वसाहतीच्या रस्त्याने जात होतो, तर बाईंच्या फाटकाशी वाकचौरे उभे दिसले. त्यांच्या हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली होती, झाकणाला वरून रुमाल बांधलेला. मला बघून ते जरा अवघडले.

"कुठलं पाणी, साहेब?" मी गाडी थांबवून विचारलं.

"मुलीच्या घरचं, वैजापूरचं. जावई नवी टाकी बसवतोय. म्हटलं, बाईंना दाखवावं आधी."

"टाकी विकणारा सांगेलच की, पाणी चालतं का नाही ते."

"तो त्याच्या फायद्याचं सांगणार," वाकचौरे म्हणाले. त्यांनी बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या बाई स्वतःच्या तोट्याचंही सांगतात."

आणि फाटकाची कडी काढून ते आत गेले.